सहाशे किलोमीटर आतून: एका शिडाच्या युद्धनौकेचा हिशोब

वर्धा शहरातून पश्चिमेला सरळ रेघ ओढली, तर अरबी समुद्र सुमारे ६०० किलोमीटरवर लागतो. आग्नेयेला ओढली, तर बंगालचा उपसागरही जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. दोन्ही समुद्र सारखेच दूर असलेल्या या जिल्ह्यात आज आर्वीतला, देवळीतला किंवा हिंगणघाटातला कुणीही मुलगा संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू करून अठराव्या शतकातल्या युद्धनौकेचा कप्तान होऊ शकतो. वारा कुठून येतोय ते बघायचं, शिडं उघडायची, जहाज वळवून सगळ्या तोफा एका बाजूने डागायच्या. ‘असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग’, ‘एम्पायर: टोटल वॉर’, ‘नेव्हल अॅक्शन’ अशा खेळांनी एका पिढीला शिडाच्या जहाजांची भाषा शिकवली आहे.

हे खेळ खेळणारे लोक अचूकतेबद्दल फार काटेकोर असतात. डोलकाठी किती कललेली हवी, तोफांच्या खिडक्या किती, अमुक जहाज तमुक साली समुद्रात होतं का, यावर ते तासन् तास वाद घालतात, आणि तसा वाद घालणं योग्यच आहे. पण या वादात एक गोष्ट जवळजवळ कधीच येत नाही. जहाजाचा आकार पडद्यावर हुबेहूब उतरतो, आवाका मात्र उतरत नाही. त्या जहाजात किती जंगल गेलं, किती कापड गेलं, किती माणसं कोंबली गेली आणि त्यांतली किती कशाने मेली, हे आकडे पाहिल्याशिवाय अचूकता अर्धीच राहते. हा हिशोब मांडायला समुद्रकिनाराच हवा असं नाही. सागवान आणि कापूस यांच्या मुलखातून तो अधिक नीट मांडता येतो.

मुंबईची मुलगी, कॅरिबियनचा समुद्र

‘नेव्हल अॅक्शन’ हा युक्रेनमधल्या गेम-लॅब्ज या कंपनीचा खेळ २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात बाहेर आला. तो कॅरिबियन समुद्रात घडतो. त्यात खेळाडूला मिळवता येणाऱ्या जहाजांपैकी एक आहे ‘ट्रिंकोमाली’ नावाची फ्रिगेट. नाव श्रीलंकेतल्या बंदराचं, निशाण ब्रिटिश आणि बांधणी मुंबईच्या गोदीतली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि पुढच्या पिढ्यांनी या गोदीतून साडेतीनशेच्या वर जहाजं पाण्यात सोडली. त्या घराण्यातले हे जमशेटजी.

ट्रिंकोमालीची मागणी ऑक्टोबर १८१२ मध्ये नोंदवली गेली. तिचे आराखडे ‘जावा’ या युद्धनौकेवर चढवून मुंबईकडे पाठवण्यात आले. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाला गाठून हरवलं. जावा इतकी मोडली होती की तिला जाळून टाकावं लागलं, आणि मुंबईचे आराखडे तिच्याबरोबर गेले. दुसरी प्रत येईपर्यंत काळ लोटला. २५ एप्रिल १८१६ रोजी पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकून जहाजाचा कणा मांडला गेला. ट्रिंकोमाली पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. मागणीपासून पाच वर्षं, कणा मांडल्यापासून साडेसतरा महिने.

आता त्या तारखेशेजारी आपल्या तारखा ठेवून बघा. तिच्यानंतर २४ दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. ४५ दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, नागपुरात सीताबर्डीची लढाई सुरू झाली. वर्ध्याचा हा सगळा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा होता. मराठी सत्तेचे शेवटचे दिवस आणि मुंबईच्या सागवानी युद्धनौकेचा पहिला दिवस एकाच ऋतूत आले.

खेळात कॉन्स्टिट्यूशन आणि ट्रिंकोमाली दोन्ही आहेत. एकीने दुसरीच्या जन्माला उशीर लावला, हे ठाऊक असलं की त्या दोघींची पडद्यावरची गाठ वेगळीच वाटते. ट्रिंकोमाली खरोखरच कॅरिबियनकडे गेली होती, हेही खरं. मात्र ती गेली १८४७ साली, बांधून ३० वर्षं झाल्यावर, आणि तेव्हा तिच्यावरच्या तोफा कमी करून २६ वर आणलेल्या होत्या. खेळातली ट्रिंकोमाली नेपोलियनच्या काळच्या पूर्ण तोफखान्यानिशी तिथे फिरते. म्हणजे जहाज खरं, समुद्र खरा, पण दोघांचा काळ जुळत नाही.

८० हजार घनफूट

‘नेव्हल अॅक्शन’मध्ये जहाज बांधताना लाकूड निवडता येतं. ओक, फर, सागवान यांतलं जे निवडाल त्याप्रमाणे वेगाचे आणि टणकपणाचे आकडे बदलतात. पडद्यावर हा एका क्लिकचा मामला आहे. गोदीत तो जंगलाचा मामला होता.

ट्रिंकोमालीचं माप १,०६६ टन. हे टन वजनाचे नाहीत, जहाजाच्या पोटात किती मावतं ते सांगणारी ती जुनी मोजणी आहे. त्या काळी अशा एका टनामागे ढोबळमानाने दीड ‘लोड’ लाकूड धरत आणि एक लोड म्हणजे ५० घनफूट. गुणाकार केला तर १,६०० लोड, म्हणजे ८० हजार घनफूट लाकूड. विदर्भाच्या कोरड्या पानगळीच्या जंगलात छातीइतक्या उंचीवर दीड मीटर घेराचं सागाचं झाड वाढायला शंभरेक वर्षं सहज लागतात, आणि त्यातून साधारण ३५ ते ४० घनफूट माल निघतो. या हिशोबाने एका मध्यम युद्धनौकेला दोन हजारांहून जास्त मोठी झाडं लागतील. बोर व्याघ्र प्रकल्पात फिरलेल्या माणसाने एवढ्या जाडीची दोन हजार झाडं मनात मोजून बघावीत. बोर प्रकल्पाचा गाभा १३८ चौरस किलोमीटरचा आहे, आणि त्यातही असे जुने साग सलग उभे नसतात.

मुंबईच्या गोदीला लागणारा साग आपल्याकडून जात नव्हता. तो मुख्यतः मलबार आणि कानडा किनाऱ्यामागच्या जंगलांतून समुद्रमार्गे येई. झाडाची जात मात्र तीच. बल्लारशाहच्या आगारात ओंडके पाहिलेल्या कुणालाही या लाकडाची ओळख वेगळी करून द्यायला नको.

ट्रिंकोमाली फ्रिगेट होती, म्हणजे मधल्या आकाराची. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला आजही जपलेली ‘व्हिक्टरी’ ही १०४ तोफांची, तीन मजली तोफखान्याची नौका. १८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईत इंग्रज आरमारप्रमुख नेल्सन तिच्यावरच होता. तिच्या बांधणीत सुमारे सहा हजार झाडं गेल्याचं सांगितलं जातं, त्यांतला नव्वद टक्के ओक. अशी डझनावारी जहाजं बांधता बांधता इंग्लंडात चांगला ओक दुर्मीळ झाला आणि आरमाराची नजर मुंबईच्या सागाकडे वळली.

साग का, याचं उत्तर काळाने दिलं आहे. १८१० साली पाण्यात सोडलेली ‘क्वीन शार्लट’ ही प्रचंड इंग्रजी नौका समुद्रावर कामाला लागण्याआधीच बुरशीने कुजू लागली होती. सागात तेल असतं. त्यामुळे ते लाकूड बुरशीला सहज दाद देत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही सहसा गंजत नाही. मुंबईचे सुतार फळ्यांच्या कडा एकमेकींत बसतील अशा खाचा पाडत आणि मधे राळेत भिजवलेला कापूस घालत. ट्रिंकोमाली आज इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर तरंगते आहे. ब्रिटनच्या आरमाराचं अजून तरंगणारं सर्वांत जुनं जहाज ते हेच. १९९० ते २००१ या काळात तिची दुरुस्ती झाली तेव्हा तिचं साठ टक्क्यांहून जास्त मूळ लाकूड तसंच ठेवता आलं. दोनशे वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड! कुठल्याही खेळाने सागवानाला दिलेले गुण या आकड्यापुढे कमीच पडतील.

तिच्याच गोदीतली ‘वेलस्ली’ही आठवावी. १८१५ साली मुंबईत पाण्यात उतरलेली ही ७४ तोफांची नौका १९४० च्या सप्टेंबरात जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात थेम्स नदीत बुडाली. शिडाच्या काळातली युद्धनौका विमानाच्या काळापर्यंत पोचली, ती सागामुळे.

४२ किलोमीटर दोर आणि सव्वा एकरावर कापड

आता वर जाऊ, डोलकाठ्यांवर. व्हिक्टरीला ३७ शिडं. त्यांचं एकूण क्षेत्रफळ ६,५१० चौरस यार्ड, म्हणजे सुमारे ५,४४० चौरस मीटर. एकराच्या भाषेत १.३ एकराहून थोडं जास्त. हे सगळं कापड हवेत धरून ठेवायला, फिरवायला आणि गुंडाळायला ४२ किलोमीटर दोर. वर्ध्याहून हिंगणघाट जेवढं लांब, साधारण तेवढा दोर एका जहाजाच्या डोक्यावर गुंफलेला होता. खेळात शिडं उघडायला एक कळ दाबावी लागते. इथे प्रत्येक दोराला नाव होतं, आणि काळोख्या रात्री, पावसात, पंचेचाळीस-पन्नास मीटर उंचीवर हाताच्या अंदाजाने तो ओळखावा लागे.

ट्रफाल्गारच्या लढाईतलं व्हिक्टरीचं एक मूळ शीड अजून जपून ठेवलेलं आहे. समोरच्या डोलकाठीवरचं हे दुसरं शीड ३,६१८ चौरस फुटांचं आहे, वजन सुमारे ३७० किलो, आणि त्याला तोफगोळ्यांनी नव्वदेक भोकं पाडलेली आहेत. ते हाताने शिवायला अंदाजे १,२०० तास लागले असावेत. म्हणजे रोज दहा तास शिवणाऱ्या एका माणसाचे चार महिने, आणि अशी शिडं ३७.

या एका शिडाच्या वजनावरून सगळ्यांचा हिशोब काढता येतो. चौरस मीटरला १.१ किलो धरलं तर पूर्ण संच सहा टनांचा होतो, म्हणजे ६० क्विंटल कापड. व्हिक्टरीची शिडं फ्लॅक्सच्या धाग्याची होती. फ्लॅक्स म्हणजे आपला जवसच. वर्ध्यात तो तेलासाठी पेरला जातो, युरोपात धाग्यासाठी. आपल्याकडची गलबतं मात्र सुती शिडांवर चालत. तोच संच कापसाचा करायचा म्हटलं तर पिंजणी, सूतकताई आणि विणकामातली तूट धरून ७० क्विंटल रुई लागेल. सरकीसह कापूस दोनशे क्विंटलच्या पुढे. कोरडवाहू शेतात एकरी पाच क्विंटल धरले, तर चाळीस एकर पऱ्हाटीची पूर्ण वेचणी एका जहाजाच्या एका संचात संपते. वादळात आणि लढाईत शिडं फाटत, म्हणून जादा शिडंही बरोबर न्यावी लागत. दोन शतकांपूर्वी एकरी उतारा आजच्यापेक्षा बराच कमी होता, म्हणजे तेव्हाच्या मापाने शेतं आणखी वाढतील.

कापसाचा आणि युद्धनौकांचा हा धागा वर्ध्यापर्यंत खरोखर पोचलेला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या साडेतीन हजार मैल किनाऱ्याची नाकेबंदी केली. त्या नाकेबंदीत वाफेच्या जहाजांबरोबर जुनी शिडाची जहाजंही होती. दक्षिणेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहू लागल्या आणि हिंगणघाटच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. ‘हिंगणघाट’ हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात कापसाची एक प्रत म्हणून बोललं जाऊ लागलं. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा काढला गेला तो १८६२ मध्ये, याच तेजीच्या काळात.

त्याच सुमाराला वर्धा नदीतून समुद्र गाठायची योजनाही चालू होती. इंग्रज अभियंते आर्थर कॉटन आणि कॅप्टन हेग यांनी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने नावांतून कापूस थेट बंगालच्या उपसागराला नेण्याचं काम हाती घेतलं. मधले खडकाळ टप्पे ओलांडायला कालवे आणि बांध घातले जात होते. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये नदीचं हे काम सोडून देण्यात आलं. नकाशावर समुद्रापासून इतका दूर असलेला हा मुलूख एकोणिसाव्या शतकात समुद्राला जोडला जाणार होता, हे आज फारसं कुणी सांगत नाही.

दर दीड मिनिटाला ५२१ किलो लोखंड

खेळांत सगळ्यांत जास्त मेहनत तोफांवर घेतलेली असते, तेव्हा त्यांचे आकडे तपासून पाहू.

बांधणीच्या आराखड्याप्रमाणे ट्रिंकोमालीच्या मुख्य तोफमजल्यावर १८ पौंडी गोळ्याच्या २८ तोफा होत्या. वरच्या मजल्यांवर आखूड, मोठ्या तोंडाच्या ३२ पौंडी १६ आणि ९ पौंडी २ तोफा. एकूण ४६. एका बाजूच्या २३ तोफा एकदम डागल्या तर ५१७ पौंड, म्हणजे २३४ किलो लोखंड सुटे. ट्रफाल्गारच्या वेळी व्हिक्टरीच्या एका बाजूचा मारा १,१४८ पौंडांचा, म्हणजे ५२१ किलोंचा होता. कसलेले गोलंदाज तो दर दीड मिनिटाला पुन्हा करू शकत. ‘ब्लॅक फ्लॅग’मध्ये तोफा काही सेकंदांत पुन्हा भरलेल्या असतात. तो वेग कुणाही माणसाच्या आवाक्यातला नाही. १८ पौंडी लांब तोफेचं वजनच दोन टनांच्या वर होतं, आणि प्रत्येक बारानंतर ती मागे उसळली की नळी ओल्या बोळ्याने पुसून, दारूची थैली ठासून, गोळा सारून ती ओढत पुन्हा खिडकीशी आणायची. दोन टन लोखंड, डुलणारी जमीन आणि डोळे झोंबवणारा धूर. तोफेमागे नऊ-दहा माणसं लागत.

हा तोफखाना जमिनीवर उतरवून पाहावा. पानिपतावर भाऊसाहेबांबरोबर दोनशेच्या आसपास तोफा होत्या असं सांगितलं जातं. त्या ओढायला बैलांचे तांडे लागले, आणि एवढा तोफखाना जवळ असल्याचा सगळ्या हिंदुस्थानात दबदबा होता. व्हिक्टरीसारखी दोन जहाजं शेजारी उभी केली की तोफांची तेवढीच संख्या भरते, आणि या तोफा रात्रीतून शंभर मैल सरकू शकत. ट्रफाल्गारला १८०५ साली अशी इंग्रजांची २७ मोठी जहाजं होती आणि समोर फ्रेंच-स्पॅनिश ताफ्याची ३३.

व्हिक्टरीच्या पोटात ३५ टन दारू आणि १२० टन गोळे भरलेले असत. पुलगावच्या दारूगोळा भांडारामुळे स्फोटकं कशी जपावी लागतात याची वर्धेकरांना कल्पना आहे. लाकडी जहाजावर ती कोठी माणसांच्या पायाखाली असे. तिथे दिवा नेता येत नसे. शेजारच्या वेगळ्या खोलीत काचेमागे कंदील ठेवून त्याच्या उजेडात काम चाले, आणि आत जाणाऱ्याच्या पायात ठिणगी न उडवणाऱ्या मऊ सपाता असत.

१४ इंच

ट्रिंकोमालीची तोफमजल्यावरची लांबी १५० फूट, रुंदी ४० फूट. माणसं ३१५. लांबीला रुंदीने गुणून ३१५ ने भागलं, तर माणशी १९ चौरस फूट येतात. त्यातही तोफा, डोलकाठ्या, जिने आणि पिंपं वजा करायची आहेत. ब्रिटिश आरमारात झोळी टांगायला माणशी १४ इंच रुंदी ठरलेली होती. निम्मे लोक पहाऱ्यावर असत म्हणून झोपणाऱ्याला प्रत्यक्षात २८ इंच मिळत. व्हिक्टरीवर ट्रफाल्गारच्या दिवशी ८२१ माणसं होती.

शिध्यात माणशी रोज एक पौंड बिस्किट. ट्रिंकोमालीच्या ३१५ जणांचं सहा महिन्यांचं नुसतं बिस्किटच २५ टनांच्या वर जातं. पाणी, खारवलेलं मांस, वाटाणे, जळाऊ लाकूड हे आणखी वेगळं.

या लेखातला मला सगळ्यांत हलवून टाकणारा आकडा पुढचा आहे. १७९३ ते १८१५ या बावीस वर्षांच्या युद्धांत ब्रिटिश आरमारातली एक लाखाच्या वर माणसं मेली. इतिहासकार मायकेल लुइस यांच्या अंदाजाप्रमाणे त्यांतली ८४ हजारांहून जास्त रोगांनी आणि अपघातांनी गेली. साडेबारा हजारांच्या वर जहाज फुटून, बुडून किंवा आग लागून. शत्रूच्या हातून मेले साडेसहा हजार. शंभरातले सहा. खेळात जवळजवळ प्रत्येक मृत्यू तोफेने किंवा तलवारीने होतो. खऱ्या जहाजावर शंभरातले चौऱ्याण्णव लोक तोफेचा गोळा न लागताच मेले: तापाने, हगवणीने, डोलकाठीवरून पडून, काळोखात बुडून. अचूकतेचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक खेळाडूने हा एक आकडा लक्षात ठेवावा.

चालण्याच्या वेगाने लढाई

२१ ऑक्टोबर १८०५ च्या पहाटे सहाच्या सुमाराला नेल्सनच्या ताफ्याला शत्रूची शिडं दिसली. पहिला गोळा सुटला दुपारी बाराच्या आसपास. मधले सहा तास जगातलं सगळ्यांत ताकदवान आरमार दोन-तीन नॉट वेगाने, म्हणजे माणूस चालतो त्याहून सावकाश, शत्रूकडे सरकत होतं. तोफा भरलेल्या आणि करण्यासारखं काहीच नाही. आडव्या परबाणांवर चौकोनी शिडं लावलेलं जहाज वाऱ्याच्या तोंडावर साधारण ६७ अंशांहून जवळ जाऊ शकत नाही. वारा पडला की ते जागच्या जागी थांबतं. अनेक खेळांत मात्र वाऱ्याच्या थेट तोंडावरही जहाज पुढे जातं, कारण अर्धा तास काहीही न घडणारा खेळ कुणी विकत घेणार नाही.

आणि नेमक्या याच जागी, पडलेल्या वाऱ्यात, मराठी आरमार उभं राहतं.

रॉबर्ट ओर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली आंग्र्यांच्या आरमाराचं वर्णन मापांसह छापलं. दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांच्या आसपास. तळ उथळ, रुंदी जास्त, पुढे लांब निघालेली नाळ, आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा. गलबतं त्याहून लहान, ७० टनांच्या आत. त्यांना चाळीस-पन्नास वल्ही, आणि वल्ह्यांवर त्यांचा वेग ताशी चार मैल. नेल्सनचा ताफा त्या सकाळी जितक्या वेगाने सरकत होता, त्याहून आंग्र्यांचं गलबत वारा नसतानाही नुसत्या हातांच्या बळावर जास्त वेगाने गेलं असतं.

ओर्मच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या जहाजावर हल्ला करायचा तर आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं निघत. गलबतं गुराबांना ओढत नेत. गुराबा मागच्या बाजूने, जिथे मोठ्या जहाजाच्या तोफा जवळजवळ नसतात तिथून, डोलकाठ्यांवर मारा करत. जहाज लंगडं झालं की गलबतांतून माणसं चढत, एकेका गलबतात दोनशे-तीनशे. वीस गलबतं जरी भिडली तरी चार हजार माणसं होतात. ज्या जहाजावर ती चढत, त्यावर दीड-दोनशे असत. १७३५ च्या डिसेंबरात संभाजी आंग्र्यांच्या आरमाराने कंपनीचं ‘डर्बी’ हे मोठं जहाज पकडून सुवर्णदुर्गाला नेलं. १७५४ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्याने डचांच्या ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन जहाजांना गाठलं. दोन जळाली, तिसरं पकडलं गेलं.

२००९ साली आलेल्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठा संघ घेऊन खेळता येतं, आणि मराठी मुलांना त्याचा अभिमान वाटतो तो रास्त आहे. पण त्या खेळात एका ताफ्यात जास्तीत जास्त वीस जहाजं मावतात. ओर्मने सांगितलेला आंग्र्यांचा एक हल्ला त्या मर्यादेत निम्मासुद्धा बसत नाही. ज्या युद्धपद्धतीचा गाभाच संख्या हा आहे, तिला वीसची मर्यादा घातली की ती पद्धतच नाहीशी होते आणि मराठी निशाणाखाली युरोपीय लढाई उरते.

कागद नसलेलं जहाज

ट्रिंकोमाली खेळात इतकी हुबेहूब का उतरली? कारण तिचे कागद आहेत. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात जहाजांचे लक्षावधी आराखडे जपलेले आहेत. खेळ बनवणाऱ्याने ते काढावेत, फळी फळी मोजावी आणि जहाज उभं करावं. गुराबेचा असा आराखडा कुणी काढून ठेवला नाही. मापं सुताराच्या हातात आणि डोक्यात होती. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा बंदरातलं आंग्र्यांचं आरमार एका दुपारी जळून गेलं, आणि मापं घ्यायला जहाजंही उरली नाहीत.

तरी सगळं गेलेलं नाही. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी आंग्र्यांची गोदी अजून आहे. खडकात कोरलेली, भरतीला पाणी आत येईल अशी, सुमारे ३५५ फूट लांब आणि तोंडाशी २२७ फूट रुंद. ट्रिंकोमाली त्यात आडवी ठेवली तरी मावेल. गोदीची मापं हाती असली की तिच्यात बसणाऱ्या जहाजांच्या मापाला वरची सीमा मिळते. ओर्मचे आकडे आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमाल आहेत, त्यांत आरमाराचे खर्च, लाकडाच्या खरेद्या आणि खलाशांचे पगार नोंदलेले सापडतात. कोकणात लाकडी होड्या बांधणारे शेवटचे सुतार अजून आहेत. या चार गोष्टी एकत्र आणल्या तर गुराबेचा भरवशाचा आराखडा उभा करता येईल.

तो आराखडा उभा करायला आज गोदी लागत नाही. मोडी वाचायला शिकलेला एक विद्यार्थी, त्रिमितीय मॉडेल बनवता येणारा एक मुलगा किंवा मुलगी आणि आकडे तपासून घेणारा एक कडक इतिहासकार पुरे. त्यांतले पहिले दोघे वर्ध्यातही सापडतील. जगभरचे खेळ बनवणारे अचूक जहाजाच्या शोधात असतात आणि ज्याचे कागद हाती येतात त्यालाच ते पडद्यावर जागा देतात. मुंबईच्या सागाने बांधलेली ट्रिंकोमाली आपल्या निशाणाशिवाय तिथे पोचली, कारण इंग्रजांनी तिचे आराखडे जपले. गुराबेला तिथे पोचवायचं असेल, तर तिचे आकडे आपल्यालाच मोजून, मांडून जगासमोर ठेवावे लागतील.